धडधडीची भीती

ओमाची,
५ नोव्हेंबर २००६

चि. कान्जी यास,
ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

नोबुएचं कार्ड पोचलं. रुग्णालयातून घरी येऊन तुला सहा आठवडे झाले, हृदयाची बुजलेली रक्तवाहिनी उघडून तिच्यात बारीक जाळी बसवली आहे आणि डॉक्टर समाधानी आहेत, एवढं समजलं. बाकीचं तू स्वतः लिही. फोनचं नाव काढू नका. मागच्या खेपेला नोबुए फोनवर म्हणाली की ते झोपलेत, आणि माझ्या या कानांनी ऐकलं की ते संपलेत. अर्धा तास रडले मी. शेवटी शेजारणीने तिला परत फोन लावून खात्री करून दिली, तेव्हा चूल पेटवली. सत्तर वर्षांच्या भावाने शहात्तर वर्षांच्या बहिणीला असं रडवायचं नसतं.

इकडे डोंगराच्या माथ्यावर बर्फ दिसायला लागलं आहे. सोललेली पर्सिमनची फळं दोरीला ओवून ओसरीवर वाळत घातली आहेत. वाळली की तुमची पेटी पाठवते. बकव्हीटचं नवं पीठही घालते त्यात.

आता माझी बातमी. नगरपालिकेने म्हाताऱ्यांसाठी चालण्याचा वर्ग काढला आहे आणि मी गेल्या मेपासून त्यात जाते. कमरेला एक छोटं यंत्र लावून देतात. तीन मिनिटं झपझप चालायचं, यंत्र वाजलं की तीन मिनिटं सावकाश, पुन्हा वाजलं की झपझप. असं पाच वेळा, आठवड्यातून चार दिवस. झपझप म्हणजे किती, तर शेजारणीशी दोन शब्द बोलता यावेत पण गाणं म्हणता येऊ नये. आमच्यात किनुबाई म्हणून एक आहेत, एक्याऐंशीच्या. त्या झपझपच्या वेळी सुनेबद्दल बोलतात आणि सावकाशच्या वेळी गप्प राहून दम खातात.

हसू नकोस. मेमध्ये मला भाजीच्या दुकानापर्यंत जाताना दोनदा थांबावं लागत होतं. आता टोपली भरून परत येते. रक्तदाबही उतरला. डॉक्टर म्हणाले, तुमचं हृदय आता तेवढंच काम कमी ठोक्यांत करतं. मला ते फार आवडलं. घरी येताना कुणाला तरी सांगावंसं वाटलं, आणि तूच आठवलास.

तर तूही उठ आता. दिवसभर बसून असतोस असं नोबुएने लिहिलंय. तिने तसं तक्रार म्हणून लिहिलं नव्हतं, पण मला ती तक्रार वाटली.

लोभ आहेच, तो राहू दे. पत्रही येऊ दे.

तुझी,
हात्सुए


ओनोमिची,
२६ नोव्हेंबर २००६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पेटी पोचली. पर्सिमन नोबुएने मोजून कपाटात ठेवली आहेत आणि मला दिवसाला एक मिळतं. डॉक्टरांनी तसं काही सांगितलेलं नाही. हा तिचा कायदा आहे.

आमच्या घरात सध्या तिचे बरेच कायदे आहेत. चहाची किटली मी उचलायची नाही. गादीची घडी मी करायची नाही. अंघोळीला गेलो की ती दाराबाहेर बसून दर थोड्या वेळाने हाक मारते आणि मी आतून ओ द्यायची. एकदा मुद्दाम दिली नाही, तर दार उघडून आत आली आणि तिचा चेहरा बघून मला लाज वाटली. पुन्हा तसं केलं नाही.

तू चालतेस याचं कौतुक वाटलं. पण माझी गोष्ट वेगळी आहे. चाळीस वर्षं मी जहाजांची इंजिनं जुळवली, ताई. झिजलेलं इंजिन पूर्ण वेगाने पळवत नाहीत, जपून चालवतात, म्हणजे बंदरापर्यंत तरी पोचतं.

रुग्णालयात हृदयरोग्यांसाठी व्यायामाचा वर्ग आहे. चिठ्ठी मिळाली होती म्हणून एकदा गेलो. मिझुहो नावाची मुलगी तिथे शिकवते, असेल तीस वर्षांची. माझ्या छातीला तारा चिकटवल्या आणि एका जागी उभ्या सायकलवर बसवलं. समोरच्या पडद्यावर ठोक्यांचा आकडा. सत्तर होता तो नव्वद झाला, मग शंभर, मग एकशेचार. छातीत धडधड ऐकू यायला लागली. ती मुलगी म्हणत होती की हे अगदी ठीक आहे, आपल्याला एवढंच हवं आहे. मी तारा काढल्या, नमस्कार केला आणि घरी आलो.

बाबा कसे गेले ते तुला ठाऊक आहे. बावन्नाव्या वर्षी, बर्फ उपसताना. धडधड झाली आणि संपलं. त्यांच्यापेक्षा अठरा वर्षं जास्त मिळाली मला. उगाच छाती धडधडवून घ्यायची हौस उरलेली नाही.

इथून खिडकीतून बोटी दिसतात. दिवस बरा जातो.

रागावणार आहेस हे माहीत आहे, तरी माया पातळ करू नकोस.

तुझा,
कान्जी


ओमाची,
१४ डिसेंबर २००६

चि. कान्जी यास,
आशीर्वाद, आणि त्यासोबत चार खडे बोल.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तुझं मुळ्याचं लोणचं झालं आहे. पिंपात घालून वर दगड ठेवलेलं. आणि दगड नोबुएने ठेवला असं तू लिहितोस, पण मला वाटतं तूच तिला तो उचलून दिलास.

बाबांचं नाव पुढे करून खुर्चीत बसू नकोस. त्याबद्दल मला बोलायचं नाही.

आज सकाळी उणे चार होतं. आम्ही नऊ जणी चाललो. किनुबाईंना मी तुझी हकिगत सांगितली. त्या म्हणाल्या, सत्तर म्हणजे तर अजून पोरगाच की तो, त्याला म्हणावं, एक्याऐंशी वर्षांची बाई पुढे निघून गेली. मी म्हटलं, सांगते.

वर्गात त्या मुलीसमोर सायकल चालवायची लाज वाटत असेल तर जाऊ नकोस. तुमच्या गावात पायऱ्यांना काय तोटा? देवळाकडे जाणाऱ्या पायऱ्या घे. तीन मिनिटं झपझप, तीन मिनिटं सावकाश. एवढंच तर आहे. लहानपणी धरणापर्यंत पळताना तू मला कधी पुढे जाऊ द्यायचा नाहीस. ते पाय गेले कुठे? नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी सुरुवात कर आणि मला कळव. नाही कळवलंस तर मी समजेन की किनुबाई बरोबर होत्या.

नोबुएला माझे आशीर्वाद. तिला सांग, किटली उचलू दे म्हणावं त्याला.

माया कमी करायची नाही, पण जरा लांबून करते आहे.

तुझी,
हात्सुए


ओनोमिची,
९ जानेवारी २००७

ती. वन्सं यांना,
नोबुएचा साष्टांग नमस्कार.

आपणास नव्या वर्षाच्या शुभेच्छा आधीच पाठवायला हव्या होत्या. उशीर झाला, त्याचं कारण लिहिते.

एक तारखेला सकाळी मी जेवणाची तयारी करत असताना हे देवळात जाऊन येतो म्हणून निघाले. मी सोबत येते म्हटलं, तर नको म्हणाले. पाऊण तासाने शेजारचे गृहस्थ धावत सांगायला आले. साठाव्या पायरीच्या आसपास हे कठड्याला टेकून बसले होते. चेहरा राखेसारखा, कपाळावर घाम. जिभेखाली ठेवायची गोळी खिशात होती, ती स्वतःच घेतली होती. रुग्णवाहिका वरपर्यंत येत नाही. चौघांनी खाली आणलं.

तीन दिवस रुग्णालयात होते. जाळी उघडी आहे आणि हृदयाला नवी इजा झालेली नाही. थंडीत, अंग गरम न करता, तीन महिने बसून काढल्यावर एकदम जोरात चढल्यामुळे हृदयाला रक्त कमी पडलं, असं डॉक्टर म्हणाले. औषध वाढवलं आहे. आता घरी आहेत.

रुग्णालयात त्यांचा कोट माझ्या हाती दिला, तेव्हा खिशात आपलं पत्र सापडलं. मी वाचलं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये, पण वाचलं.

वन्सं, मी या घरात पंचेचाळीस वर्षं आहे आणि आपल्याला कधी उलट शब्द लिहिलेला नाही. आज एक विनंती करते. चालण्याबद्दल यांना कृपा करून पुन्हा काही लिहू नये. लोणच्यावरचा दगड मी ठेवला असेल, तर तो तसाच राहू दे. मला हे हवे आहेत.

मी लिहिलं आहे हे त्यांना माहीत नाही.

आपली,
नोबुए


ओमाची,
२१ जानेवारी २००७

सौ. नोबुए हिस,
आशीर्वाद देण्याचा अधिकार आज मला वाटत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिते.

तुझं पत्र वाचल्यावर दोन दिवस चालायला गेले नाही. तिसऱ्या दिवशी वर्गाच्या डॉक्टरांकडे गेले आणि मी काय केलं ते सगळं सांगितलं. ते फार चांगले गृहस्थ आहेत, ओरडले नाहीत. त्यांनी विचारलं, तुम्हाला पहिल्या दिवशी यंत्र देण्याआधी आम्ही काय केलं होतं, आठवतं का? आठवलं. हृदयाचा आलेख काढला होता, पाय तपासले होते, आणि पहिले पंधरा दिवस झपझप चालूच दिलं नव्हतं. ते सगळं मी भावाला लिहिलंच नाही. माझी फुशारकी तेवढी लिहिली.

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्याने आमच्यासारखं यंत्र लावून स्वतःच्या मनाने चालायचं नसतं, आधी तपासणी आणि मग माणसांच्या नजरेखाली व्यायाम, असं ते म्हणाले. मग असंही म्हणाले की अशा माणसाने बसून राहणं हेही तितकंच वाईट. तो रुग्णालयाचा वर्ग नेमका यासाठीच असतो. हे मी तुला लिहिते आहे, त्याला नाही. तुझी विनंती मी मोडत नाही. काय करायचं ते तू ठरव.

सोबत त्याच्यासाठी बंद पाकीट आहे. त्यात चालण्याबद्दल एक शब्दही नाही. हवं तर आधी तू वाच. मला चालेल.

तू त्याला जपलंस. मी त्याला डिवचलं. मला माफ कर.

हात्सुए


(सोबतचं पाकीट)

चि. कान्जी यास,
अनेक आशीर्वाद.

बाबांबद्दल मला बोलायचं नाही असं मागे लिहिलं होतं. आज बोलते. चोपन्न वर्षं पोटात ठेवलं, आता ठेववत नाही.

बाबा त्या सकाळी एकदम गेले नाहीत. चार महिने जात होते आणि ते फक्त मला माहीत होतं.

ऑक्टोबरात मी त्यांना कचेरीतून येताना पुलावर पाहिलं. कठडा धरून उभे होते. मला वाटलं पाण्यात काही बघताहेत. जवळ गेले तर हात छातीवर होता. म्हणाले, जेवण वर आलंय, होईल बरं. नंतर पुन्हा दोनदा पाहिलं, एकदा विहिरीपाशी, एकदा आपल्याच जिन्यावर. तेव्हा त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं की आईला सांगायचं नाही, ती घाबरेल. माझं लग्न ठरलेलं होतं. मी बावीस वर्षांची होते. मला वाटलं, बाबा म्हणतात म्हणजे तसंच असेल.

त्यानंतर त्यांनी चालणंच टाकलं. कचेरीत खुर्ची, घरी शेगडीचं टेबल आणि अंगावर रजई. मधे सिगारेट. दुखू नये म्हणून हलायचं नाही. मी त्यांची सगळी कामं करून टाकायचे आणि मला वाटायचं मी त्यांना वाचवते आहे. अशा माणसाने फेब्रुवारीत एका सकाळी फावडं हातात घेतलं.

बर्फाने बाबांना नेलं असं सगळे म्हणाले. मी मान हलवली. आईने विचारलं की आधी काही लक्षण होतं का. मी नाही म्हटलं. ती गेली तोवर नाहीच म्हणत राहिले.

तुझ्या पत्रात वाचलं, धडधड झाली आणि संपलं, आणि मला कळलं की तू आयुष्यभर चुकीच्या गोष्टीला घाबरत आलास. ती चूक माझ्या गप्प बसण्याची आहे. तेव्हाच खरं सांगायचं, तर त्याऐवजी मी तुला टोमणे मारले, कारण ते सोपं होतं.

उत्तर द्यायलाच हवं असं नाही.

ताई


ओनोमिची,
४ मार्च २००७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सहा आठवडे लागले उत्तराला. राग धरला असं समजू नकोस. रोज लिहायला बसत होतो आणि पहिल्या ओळीवर उठत होतो.

पाकीट नोबुएने न वाचता दिलं. मी वाचून तिला दिलं. ती वाचून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ भांडी घासत राहिली. मग येऊन म्हणाली की मंगळवारी वर्ग असतो, मी सोबत येईन. एवढंच.

आता माझं ऐक. तुझी गोष्ट अर्धी आहे. उरलेली अर्धी माझ्यापाशी होती.

त्या सकाळी बाबांनी जिन्याखालून मला हाक मारली होती. विहिरीची वाट मोकळी कर म्हणून. मी जागा होतो. आदल्या दिवशी आमचं भांडण झालं होतं, आठवत असेल तुला. मला शाळा सोडून जहाजांच्या कारखान्यात जायचं होतं आणि त्यांनी अर्जाचा कागद फाडला होता. म्हणून मी भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतलं. त्यांनी दोनदा हाक मारली. मग दार सरकलं. मग फावड्याचा आवाज यायला लागला, खर्र, खर्र. आणि मग थांबला. मला वाटलं, झालं वाटतं काम, बरं झालं, आता उठावं लागणार नाही. ताई, मला बरं वाटलं होतं.

सोळा वर्षांचा होतो. त्यानंतर जेव्हा केव्हा जिना चढताना छाती उडायला लागली, तेव्हा तो आवाज थांबलेला ऐकू यायचा. मी धडधडीला भीत नव्हतो. ती थांबेल याला भीत होतो. सायकलवर एकशेचार आकडा बघून मी त्याच अंथरुणात होतो. त्या मुलीला हे कसं सांगणार?

तू वचन पाळलंस आणि मी झोपलो. आपण दोघांनी मिळून त्यांना मारलं असं धरायचं, तर मग त्यांनी स्वतः काय केलं? डॉक्टरकडे गेले नाहीत, हट्टाने फावडं उचललं. सत्तराव्या वर्षी मीही तेच केलं. घरात धडधाकट बायको सोबत यायला तयार असताना एकटा पायऱ्या चढलो. यात तुझ्या पत्राचा दोष थोडा आणि माझ्या बापाचं रक्त जास्त. नोबुएलाही मी हेच सांगितलं. तिने तुला काय लिहिलं तेही मग तिने सांगितलं. तिच्यावर रागावू नकोस. मी तर रागावलो नाही, उलट मी कुणाला तरी इतका हवा आहे हे मला पहिल्यांदा लेखी कळलं.

वर्गाला जाऊन एक महिना झाला. आधी रक्तदाब घेतात. मग दहा मिनिटं हात-पाय नुसते मोकळे करायचे, ते मला आधी वेळ काढणं वाटायचं, आता वाटत नाही. मग सायकल. मिझुहो दर पाच मिनिटांनी विचारते की किती दमलात, सहा ते वीसमधला आकडा सांगा. तेराच्या वर जायचं नाही. मी पहिल्या दिवशी फुशारकीने नऊ म्हटलं, तर तिने पडद्याकडे बघून विचारलं की नक्की नऊ का. तिला फसवता येत नाही. नोबुए बाकावर बसून विणकाम करते आणि मी एकशेदहावर गेलो की तिच्या सुया थांबतात.

मिझुहोला मी इंजिनाचं सांगितलं. तिने विचारलं, जहाज वर्षभर धक्क्याला नुसतं बांधून ठेवलं तर त्या इंजिनाचं काय होतं? मी म्हटलं, आखडतं, गंजतं, मग फिरत नाही. ती म्हणाली, ते तरी लोखंड आहे, हे तर मांस आहे. याला रोज थोडं काम दिलं की ते स्वतःला दुरुस्त करून घेतं, तुमच्या इंजिनाला तेवढं जमत नाही. मग मी पायडल मारले. चार आठवड्यांत बसल्या जागेचे ठोके सत्तरावरून चौसष्टवर आले आहेत. सहाच ठोके, पण माझ्यासारख्याला हे मोठंच म्हणायचं.

गेल्या आठवड्यात आकडा एकशेचारवर आला तेव्हा मी डोळे मिटले. तो आवाज यायची वाट बघितली. छाती वाजत राहिली. थांबली नाही. उतरलो तर मिझुहोने विचारलं काही होतंय का. मी म्हटलं, नाही, घाम आलाय.

ताई, तू लिहिलंस म्हणून हे झालं. तुझे आभार कसे मानायचे ते मला येत नाही. आपल्या घरात कुणी शिकवलंच नाही.

लोभ आहे हे आता मला पक्कं माहीत आहे.

तुझा,
कान्जी


ओमाची,
१८ मार्च २००७

चि. कान्जी यास,
आशीर्वाद. पुष्कळ.

तुझं पत्र बाबांच्या फोटोपुढे ठेवून मोठ्याने वाचून दाखवलं. मला स्वतःला नीट ऐकू आलं नाही, पण शेजारीण विचारायला आली की कोण ओरडतंय.

सोळा वर्षांच्या पोराने रागाने झोपेचं सोंग घ्यावं यात पाप कसलं? तू माझा मुलगा असतास तर मी दुसऱ्या दिवशी हसून सांगितलं असतं सगळ्यांना. दुसरा दिवस आला नाही, एवढंच. मी तुला अंथरुणातून उठवायला आले होते ना खबर घेऊन. तू भिंतीकडे तोंड करूनच होतास. तेव्हा मला वाटलं, याला अजून काही माहीत नाही, अजून दोन क्षण झोपू दे. आणि मी तशीच दारात उभी राहिले. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

पुरे आता. मन हलकं झालंय, आणि हलक्या मनाने मला भूक लागते. नोबुएला सांग, सुया थांबू देऊ नकोस, माझ्या हिवाळ्याच्या मोज्यांचं माप पाठवते. बाकावर बसून राहण्यापेक्षा तिनेही उठावं असं लिहिणार होते, पण मला आता दुसऱ्याला उठवायची भीती वाटते. तिचं तिने बघावं.

शरदातल्या पितरांच्या दिवसांत याल का? डॉक्टरांना विचारून, मिझुहोला विचारून, नोबुएला विचारून. तिघांपैकी एकाने जरी नाही म्हटलं तर येऊ नकोस. मी रागावणार नाही. दफनभूमी चढावर आहे, हे त्यांना आधी सांग.

तुम्हा दोघांवरची माया या खेपेला जवळून.

तुझी,
ताई


ओनोमिची,
२ ऑक्टोबर २००७

ती. वन्सं यांना,
नोबुएचा मनापासून नमस्कार.

आम्ही सुखरूप पोचलो. नागोयाला गाडी बदलताना सरकता जिना बंद होता. यांनी दोन्ही पिशव्या घेतल्या आणि मी काही म्हणायच्या आत वर गेले. मी मागून मोजत होते, चव्वेचाळीस पायऱ्या. वर पोचून माझी वाट बघत उभे होते आणि त्यांना साधी धापही लागली नव्हती. धाप मला लागली होती. तुम्ही मार्चमध्ये माझ्याबद्दल जे लिहिता लिहिता थांबलात, ते मला पोचलं होतं. त्यामुळे उन्हाळ्यापासून मीही विणकाम घरी ठेवून वर्गानंतर यांच्यासोबत बंदरापर्यंत चालते. तपासणीत माझा रक्तदाबही पहिल्यांदाच बरा निघाला, पण अजून मीच मागे असते.

तुमच्याकडच्या पाच दिवसांबद्दल आभार मानायला हे पत्र नाही, ते वेगळं लिहीन. हे एका गोष्टीसाठी लिहिते. दफनभूमीत आई-बाबांच्या दगडापाशी पोचल्यावर तुम्ही बादली घेऊन पाण्याच्या नळाकडे खाली गेलात. तेव्हा वर काय झालं ते तुम्ही पाहिलं नाहीत. यांनी तुम्हाला सांगितलं नसणार. म्हणून मी सांगते.

तो चढ हे न थांबता चढले होते. मधे दोनदा वेग कमी केला, शिकवलं आहे तसा. वर गेल्यावर उदबत्ती लावली नाही, हातही जोडले नाहीत. नुसते उभे राहिले. मग माझा हात घेऊन स्वतःच्या छातीवर ठेवला. कोटातूनही लागत होतं, जोरात चाललं होतं. मी घाबरून गोळीसाठी पिशवी उघडायला लागले, तर मान हलवून नको म्हणाले. तसेच उभे राहिलो. हळूहळू ठोके खाली आले, जसे वर्गात येतात तसे. ते पूर्ण शांत होईपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही.

मग दगडाकडे बघून म्हणाले, "बाबा, मी जागा होतो."

एवढंच म्हणाले. पंचेचाळीस वर्षांत मी यांना रडताना पाहिलं नव्हतं. मी दगडावरची पानं झाडत राहिले. तेवढ्यात तुम्ही बादली घेऊन वर आलात आणि म्हणालात की पाणी फार गार आहे, आणि यांनी लगेच बादली तुमच्या हातातून घेतली.

दुसरं, तेही लिहूनच टाकते. उतरताना तुम्ही पुढे होतात. हे मागे वळून मला म्हणाले, "नोबुए, तू बाकावर बसलीस म्हणून मी सायकलवर बसलो." आणि पुढे चालायला लागले. बुटाची नाडी सुटल्यासारखं करून मी खाली बसले. माझ्या बुटांना नाड्या नाहीत हे यांच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल.

वन्सं, जानेवारीतलं माझं पत्र तुमच्यापाशी असेल तर ते फाडू नका. ते खरं होतं. हेही खरं आहे. दोन्ही एकाच पाकिटात ठेवा.

आज मंगळवार. वर्गात गेल्या आठवड्यापासून एक नवे गृहस्थ येतात, कोळी आहेत, अडुसष्ट वर्षांचे. तारा लावल्या की त्या काढून घरी जायला बघतात. मिझुहोने यांना विचारलं की शेजारच्या सायकलवर बसाल का. म्हणून हे आज अर्धा तास लवकर निघाले आहेत. माझी वाट बघत दारात उभे आहेत आणि किती वेळ लिहिते आहेस म्हणून विचारताहेत. मी सांगितलं की वन्संना पोचल्याचं कळवते आहे.

तुमच्या दोघांच्या लोभात मला आता नक्की जागा आहे, ती तशीच ठेवा. निघते.

तुमची,
नोबुए